भिमाबाई आणि हट्टी खडा

सिल्वासाच्या बाजारात बांगड्यांच्या हातगाडीपाशी कुणी म्हणालं, "हे अमेरिकन डायमंड म्हणजे खोटे हिरे ना हो?" आणि जवळपास भिमाबाई असली, तर त्या माणसाची धडगत नसे. ती भाजीची पिशवी खाली ठेवी, पदर कमरेला खोची आणि असा आवाज लावी, की पलीकडच्या मिठाईच्या दुकानातली माणसं वळून बघत.

"खोटा? खोटा कशावरून? माणसानं भट्टीत बनवला, माणसानं घासला, माणसाच्या बोटात बसला. डोंगरातून निघाला तेवढा खरा, नि आमच्या हातातून निघाला तो खोटा, हे कोणी ठरवलं? नाव सांगा त्याचं!"

नाव कुणालाच सांगता येत नसे. गर्दी मात्र जमे, आणि जमलेल्या गर्दीतल्या दोघीतिघी हमखास बांगड्या घेऊन जात. त्यामुळे बांगडीवाला हुशारीनं भिमाबाई दिसली की स्वतःच विषय काढी. तिला ते कळत होतं. तरी ती दरवेळी तेवढ्याच त्वेषानं बोले.

भिमाबाई शिरपूर तालुक्यातली. चौऱ्याऐंशी साली नवरा वाल्मिक आणि मुलगी ममता यांच्यासोबत इकडे आली. वाल्मिकला सुताच्या कारखान्यात काम मिळालं आणि तिला जवळच्या गलोंडा गावात, खडे घासायच्या कारखान्यात. पत्र्याची शेड, एका रांगेत आठ तबकड्या, प्रत्येक तबकडीमागे एक पुरुष. दांडीच्या टोकाला लाखेनं खडा चिकटवायचा आणि फिरत्या तांब्याच्या तबकडीवर कुरुंद दगडाची पूड नि पाणी टाकून एकेक पैलू पाडायचा, असं ते काम. बायका समोरच्या भिंतीशी बसत. त्यांनी लाख तापवायची, खडे दांड्यांना चिकटवायचे आणि झालेले उतरवायचे. तबकडीवर बाई बसलेली नव्हती. बसू नये असं कुणी म्हणालं नव्हतं, पण बसावं असंही कुणाच्या मनात आलं नव्हतं.

भिमाबाईच्या मनात मात्र दुसरं काहीच नव्हतं.

चार वर्षं ती भिंतीशी बसून खडे चिकटवत होती आणि कानांनी तबकड्या शिकत होती. खडा नीट लागला की तबकडी मांजरासारखी गुरगुरते. जास्त दाबला की कुरकुरते. पैलू पुरा झाला की आवाज एकदम मऊ पडतो, तिथं हात उचलायचा. पुरुष दुपारी चहाला बाहेर गेले, की ती शेवटच्या तबकडीवर बसून टाकून दिलेल्या फुटक्या खड्यांना पैलू पाडी. बाकीच्या बायका दारावर पहारा देत. कुणी येताना दिसलं की चिमाबाई मोठ्यानं खोकायची.

एके दिवशी चिमाबाईला खोकायला उशीर झाला. दारात खुद्द शेठ उभे! शेठ मूळचे नवसारीचे. त्यांचे वडील तिथं खाणीतले हिरे घासत. शेठ आत आले. त्यांनी दांडी उचलली, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ खडा फिरवत राहिले.

"कोणी शिकवलं?"

"कानांनी, शेठ."

शेठ हसले. त्यांनी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. शेवटच्या तबकडीवरचा माणूस संक्रांतीनंतर गावी जायचा होता. भिमाबाईनं महिनाभर त्या तबकडीवर बसून दाखवायचं. हाती आलेलं प्रत्येक काम पुरं झालं पाहिजे, एकही खडा "होत नाही" म्हणून परत येता कामा नये. जमलं, तर तबकडी तिची. नाही जमलं, तर सुकदेवचा भाचा गोकुळ.

सुकदेव म्हणजे कारखान्याचा मुकादम. माणूस वाईट नव्हता, पण जीभ कुरुंदाची. "बाईच्या मनगटात तेवढा जोर कुठला? भाकरी थापण्यासारखं आहे काय हे?"

"भाकरी थापून दाखवा तुम्ही, सुकदेवभाऊ," भिमाबाई म्हणाली. "गोल झाली तर मी स्वतः तबकडी सोडते."

भिंतीशी बसलेल्या बायका अशा हसल्या, की लाख सांडली.

तीन आठवडे सगळं झकास चाललं. खडे येत होते, चमकून जात होते. शेठ खरेदीला मुंबईला गेले आणि शनिवारी येतो, तेव्हा निकाल देतो, म्हणाले. आणि त्याच आठवड्यात धनश्रीबाईंची अंगठी आली.

धनश्रीबाई म्हणजे ममताच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका. माहेर-सासर दोन्ही राजापूरकडचं. साहेबी थाट नाही, मुलांची नाकं स्वतःच्या रुमालानं पुसणाऱ्या. लग्नात सासूबाईंनी त्यांना एक अंगठी दिली होती. "साधा अमेरिकन खडा आहे हो, रोज घाल," असं सांगून. धनश्रीबाईंनी ती रोजच घातली. कणीक मळताना, खडूनं फळ्यावर लिहिताना, धुणं धुताना. अकरा वर्षांत खडा पार मळकट होऊन गेला होता. त्यातून घडण जुनी, खालून सपाट, वर मोजके पैलू. कॉलनीतल्या बायकांच्या नव्या सेटपुढे अगदी बापुडवाणा दिसे. रविवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू होतं.

"भिमाबाई, तुम्ही म्हणे आता स्वतः घासता. याला जरा नवा जन्म द्या ना. नव्या पद्धतीचे पैलू पाडा, चांगला लखलखीत करा. माझ्या हाताकडे बघून बायका मनातल्या मनात हसतात."

"मास्तरीणबाई, शनिवारी संध्याकाळी या. ओळखू यायचा नाही!"

सुकदेवनं अंगठीचं काम वहीत भिमाबाईच्या नावावर चढवलं. आता तेही परीक्षेत आलं. त्यानं चिमट्यानं खडा सोडवून तिच्या हातावर ठेवला. भिमाबाईनं तो दांडीला चिकटवला, तबकडी सुरू केली आणि खडा टेकवला.

चर्रर्र!

असा आवाज तिनं चार वर्षांत ऐकला नव्हता. सगळ्या तबकड्यांवरच्या माना वर झाल्या. तिनं हात उचलला. खड्यावर काहीच फरक नव्हता. तांब्याच्या तबकडीवर मात्र बारीक रेघ उमटली होती.

तिनं पूड बदलली. पाणी वाढवलं. दांडीचा कोन बदलला. बुधवार गेला. गुरुवारी तिनं नवी पूड घेतली, हात हलका ठेवला, मग जड केला, मग देवाचं नाव घेऊन मध्यम ठेवला. खडा ढिम्म. चर्रर्र आणि रेघ. चर्रर्र आणि रेघ. तबकडी बैलगाडीच्या वाटेसारखी दिसायला लागली.

"काय हो भिमाबाई," सुकदेव मागे येऊन उभा राहिला, "खडा घासताय की खडा तबकडीला घासतोय? तबकडी संपली की सांगा. नवी आणायला शेठना वापीला जावं लागेल."

"खड्यातच काहीतरी आहे, भाऊ."

"असणारच. तुमच्या हातात थोडंच असणार!"

सुकदेवनं स्वतः करून पाहिलं नाही. बाईला न जमलेलं काम आपल्यालाही जमलं नाही तर, अशी धास्ती असावी. गोकुळनं मात्र हळूच येऊन तबकडीची उंची बघून घेतली, सोमवारपासून बसायचंच आहे तर.

घरी वाल्मिकनं तिचा चेहरा बघितला आणि ताटावरचं झाकण काढून ताट तिच्यापुढे सरकवलं. "काय व्हयनं वं? माले सांग."

तिनं सांगितलं. तीन आठवड्यांची मेहनत एका मळक्या खड्यापायी जाणार. शनिवारी तो परत दिला की तबकडी गेली. पुन्हा भिंत, पुन्हा लाख, आणि जन्मभर सुकदेवचं मनगट-पुराण.

वाल्मिकनं विचार केला. "सासू कशी आहे मास्तरीणबाईंची?"

"मला काय ठाऊक? का?"

"खडा तिच्यावर गेला असंल. तुझ्या सासूचं मन तरी कुणाला घासता आलं का? मी तिचा लेक, मला नाही जमलं."

भिमाबाईला हसायचं नव्हतं. पण ती हसली, आणि हसता हसता दोन भाकऱ्या खाऊन गेली.

शुक्रवारी तिनं घासायचं सोडून दिलं. खडा दांडीवरून उतरवला, स्पिरिटनं लाख पुसून काढली, ब्रशनं कानाकोपरा साफ केला आणि भिंगाखाली धरून नुसता बघत बसली. आजवर तिनं खड्याकडे काम म्हणून पाहिलं होतं. आता वैरी म्हणून पाहायला गेली, आणि भलतंच दिसलं. पैलू सगळे एकसारखे नव्हते. एक जरा रुंद होता, एक अरुंद. डावीकडचा एक पैलू तर चक्क तिरका गेला होता. विजेच्या यंत्रावर असं होत नाही. हे पायानं किंवा हातानं चाक फिरवून केलेलं काम होतं. फार जुनं. कुणीतरी, कुठल्या तरी गावात, या एवढ्याशा दाण्यापुढे असाच पाठ वाकवून बसला होता. आणि डावीकडच्या पैलूला त्याचा हात थोडा हलला होता. कुणी हाक मारली असेल. चहा आला असेल. नाहीतर कुणी मुकादम मागे येऊन उभा राहिला असेल.

"मग तुला कसा घासता आला रे बाबा?" ती त्या न पाहिलेल्या माणसाला म्हणाली. "तू कोणती पूड लावलीस?"

शनिवार उजाडला. दुपारी शेठ आले. सगळा कारखाना काम करायचं सोंग करत कान देऊन बसला. सुकदेवनं वही उघडली. "बाकी सगळं ठीक, शेठ. पण एक काम परत आलंय. तबकडीही बिघडली." त्यानं ती रेघाळलेली तबकडी पुराव्यादाखल समोर धरली.

भिमाबाई उठली. गेले चार दिवस तिनं भाषण तयार केलं होतं, शुद्ध मराठीत. ऐन वेळी त्यातला एकही शब्द आठवेना. तोंडातून शिरपूर बाहेर पडलं.

"हाऊ खडा खोटा शे, शेठ!"

बाजारात दर आठवड्याला याच शब्दावरून भांडणारी भिमाबाई! चिमाबाईनं तोंडाला पदर लावला.

"चार वर्षं झाली, एवढे खडे माझ्या हातून गेले. खरा खडा घासला जातो. हा घासलाच जात नाही. मास्तरीणबाईंना कुणीतरी फसवलंय. हा अमेरिकन नाहीच!"

शेठनी खडा तळहातावर घेतला. तबकडीवरच्या रेघांकडे पाहिलं. खड्याकडे पाहिलं. मग भिंग डोळ्याला लावलं, आणि त्यांची मिशी थरथरू लागली. त्यांनी पेटीतून जवळपास त्याच मापाचा, अजून पैलू न पाडलेला आपला एक खडा काढून शेजारी ठेवला आणि दोन्ही खड्यांवर तोंडानं हा करून वाफ सोडली. आपल्या खड्यावर धुकं बसलं, क्षणभर राहिलं, मग सावकाश विरलं. दुसऱ्यावरचं धुकं बसलं न बसलं तोच गायब.

"भिमाबेन," शेठ म्हणाले, आणि पुढे त्यांना बोलवेना. ते इतके हसायला लागले, की त्यांना स्टूल द्यावं लागलं. "बरोबर बोली तू! हा अमेरिकन नाही. अरे, आ तो साचो हीरो छे! खाणीतला हिरा! कुरुंदानं काय घासणार? हिऱ्याला हिऱ्याचीच पूड लागते. माझे बापूजी वरून खाली आले असते तरी या तबकडीवर त्यांना जमलं नसतं!"

बाकीच्या सातही तबकड्या बंद पडल्या. सगळे उठून आले. गेल्या चार दिवसांत सुकदेवनं ज्याला नावं ठेवली होती, तो दाणा शेठच्या तळहातावर बसून सगळ्यांकडे बघत होता. एक ओरखडा नाही. उलट स्पिरिट आणि ब्रशनं अकरा वर्षांची कणीक, साबण नि खडू निघून गेले होते, आणि तो पाण्याच्या थेंबासारखा स्वच्छ झाला होता.

"मग झालं की!" शेठ म्हणाले. "अंगठी उजळायची होती, उजळली. तबकडी तुझी."

कुणीही असतं तर पाया पडून मोकळं झालं असतं. सुकदेवनंही मान डोलावली होती. पण भिमाबाई हलली नाही.

"नाही, शेठ. हा साबणानं उजळला, माझ्या हातानं नाही. साबणाला तबकडी देता का? तो बाजूचा आपला खडा मला द्या. संध्याकाळी मास्तरीणबाई यायच्या आत याचा जोडीदार करते. तुम्ही इथंच बसा. जमला तर द्या."

शेठ खरोखर स्टुलावर बसून राहिले. शेजारच्या यंत्रावरची चांगली तबकडी काढून तिच्याकडे चढवली गेली. भिमाबाईनं खडा चिकटवला, टेकवला, आणि शेडमध्ये ते ओळखीचं गुरगुरणं सुरू झालं. तिच्या खांद्यांतली चार दिवसांची गाठ सुटली. तिला हिऱ्याकडे फारसं बघावंही लागत नव्हतं. शुक्रवारभर बघून तो तिला तोंडपाठ झाला होता. रुंद पैलू, अरुंद पैलू, पुन्हा रुंद. आवाज मऊ पडला की हात वर. बायका भिंत सोडून तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांना कुणी परत पाठवलं नाही. उन्हं कलायच्या आत तिनं खडा उतरवून शेठच्या हातावर ठेवला.

शेठनी तो सुकदेवकडे दिला. सुकदेवनं भिंग लावलं. एकदा हा, एकदा तो. शेवटी नाइलाजानं म्हणाला, "डावीकडचा पैलू तिरका गेलाय."

"त्याचाही गेलाय. बघा."

सुकदेवनं बघितलं. "मग तो सरळ करायचा ना बाई! मुद्दाम चूक कशाला?"

"त्या माणसाचा हात तिथं हलला होता, भाऊ. त्याला एकट्याला कशाला ठेवू? मीही हलवला."

सुकदेवनं स्वतःचं भिंग, वीस वर्षं खिशात वागवलेलं, रुमालानं पुसलं आणि तिच्या तबकडीवर ठेवून बाहेर निघून गेला. तबकडी कुणाची, हे मग शेठना सांगावंच लागलं नाही.

धनश्रीबाई आल्या आणि सगळं ऐकून त्याच स्टुलावर बसल्या, जे शेठनी नुकतंच सोडलं होतं.

"अहो, हा बोटात असताना मी चिंचेनं भांडी घासली!"

"त्यानं काही मनावर घेतलेलं नाही," भिमाबाई म्हणाली.

पण बाईंचा चेहरा उतरलाच होता. सकाळी जी अंगठी बापुडवाणी होती, ती संध्याकाळी घालायचीच भीती वाटायला लागली. "आता ही बोटात घालून मी भाजीला जाऊ कशी? फळ्यावर लिहू कशी?" शेवटी त्यांनीच ठरवलं, अंगठीत भिमाबाईचा खडा बसवायचा आणि हिरा पुडीत बांधून कपाटात ठेवायचा. जाताना त्यांनी भिमाबाईला बजावलं, "उद्या हळदीकुंकवाला यायचं. कारण सांगायचं नाही."

रविवारी अंगठीचं एवढं कौतुक झालं, की तिळगूळ बाजूला राहिला. पण धनश्रीबाईंचं अर्धं लक्ष कपाटाकडे होतं. तीनदा त्या आत जाऊन पुडी बघून आल्या. राजापूरला त्यांनी पत्र टाकलं, आणि आठवड्यानं सासूबाईंचं कार्ड आलं. बाईंनी ते शाळेतून थेट भिमाबाईच्या खोलीवर आणून वाचून दाखवलं. "खरा आहे हे मला ठाऊक होते. माझ्या सासूबाईंनी मला खरा म्हणून दिला, त्यामुळे तो चाळीस वर्षे पेटीत राहिला. मी तो बोटात चार वेळा पाहिला असेन. तुझे तसे होऊ नये म्हणून खोटे बोलले. पेटीत ठेवला असशील तर काढ."

मग वाल्मिक चहा घेऊन आला आणि म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, सासूवर गेलाय म्हणून?"

हिरा पुन्हा अंगठीत बसला, पुन्हा कणीक मळू लागला, पुन्हा खडूनं माखू लागला. दर संक्रांतीला भिमाबाई त्याला स्पिरिटनं आंघोळ घाली. आणि त्याचा जोडीदार? त्याची धनश्रीबाईंनी अंगठी करून आणली आणि भिमाबाईच्या बोटात घातली. ती नको नको म्हणत असताना, भर शेडमध्ये, सगळ्यांच्या टाळ्यांत.

पुढे त्या शेडमध्ये आणखी तीन तबकड्यांवर बायका बसल्या. त्र्याण्णव साली भिमाबाईनं आपल्या खोलीपुढे पत्रा टाकून स्वतःच्या दोन तबकड्या मांडल्या आणि सुरंगी गावाकडच्या मुलींना आधी डोळे मिटून ऐकायला शिकवलं. बांगडीवाला म्हातारा झाला, तरी ती दिसली की तोच विषय काढत असे.

शहाण्णव साली धनश्रीबाईंची बदली झाली. एसटीच्या थांब्यावर भिमाबाई, वाल्मिक आणि आता कॉलेजात जाणारी ममता त्यांना पोचवायला गेले. गाडीला वेळ होता. धनश्रीबाईंना काय लहर आली कुणास ठाऊक, त्यांनी आपला हात पुढे केला, शेजारी भिमाबाईचा हात ओढून धरला आणि दोन्ही अंगठ्यांवर हा करून वाफ सोडली. त्यांच्या खड्यावरचं धुकं क्षणात उडालं. भिमाबाईच्या खड्यावरचं रेंगाळलं.

"तुझा हिरा श्वास धरून ठेवतो ग आई," ममता म्हणाली. "बाईंचा लगेच सोडून देतो."

"मग!" भिमाबाई म्हणाली, आणि बाजूच्या बाकावरच्या दोन अनोळखी बायका वळून बघतील एवढा आवाज लावून तिनं विचारलं, "आता मला सांगा, याला खोटा कोण म्हणतं?"

गाडी आली, आणि धनश्रीबाई हसत हसत रडत खिडकीत बसल्या.